काचेवरचा धावदोरा

१

अपडेट करावं असं धाकटीच्या मनात मुळीच नव्हतं. पण टॅबलेटवर ती सूचना दिवसभर डोकं वर काढायची आणि नेमकी ‘पाणी’च्या चौकोनावर येऊन बसायची. धाकटीच्या तोंडात टाचण्या होत्या, खांद्यावर कुणाच्या तरी दिवाणखान्याचा पडदा होता. तिनं न वाचताच ‘आता करा’वर बोट दाबलं आणि ब्याद टळली म्हणून मशीनकडे वळली.

घरात माणसं दोनच. बाहेरच्या खोलीत धाकटी, तिचं शिलाई मशीन आणि लोकांचे पडदे. आतल्या खोलीत पलंगावर ताई. दोन्ही खोल्यांच्या मधे दार नव्हतं, जाड कापडाचा पडदा होता, तोही धाकटीनंच शिवलेला. ताईनं सगळी नोकरी बालवाडीत केली. पोरांशी बोलून बोलून सवय अशी जडलेली, की घरी आली तरी तोंडाचा पट्टा चालूच. आई गेल्यावर धाकटीला वाढवलं तेही बोलतच. रागावली तरी बोलत, रडली तरी बोलत. मग एका सकाळी अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं, आणि त्याच्याबरोबर जीभही गेली. कळायचं सगळं. मान हलायची, डावा हात चालायचा. पण तोंडातून ‘अं’पलीकडे काही उमटायचं नाही.

दवाखान्यातल्या बाईंनी हा टॅबलेट सुचवला. काचेवर चौकोन, चौकोनात चित्र. चित्राला बोट लावलं की शब्द ऐकू यायचा. आतला तयार आवाज असा कोरडा होता, की पाणी मागतोय की नोटीस वाचून दाखवतोय ते कळू नये. म्हणून धाकटीनं एक दुपार खर्ची घालून सगळे शब्द स्वतःच्या आवाजात भरले. पाणी. चहा. दुखतंय. कूस बदल. पंखा. हो. नाही. आणि शेवटी ‘चिमे’, म्हणजे ताईनं तिला लहानपणापासून मारलेली हाक. आपणच आपल्याला हाक मारायची म्हणताना तिला जरा चमत्कारिक वाटलं होतं, पण तेवढंच.

अपडेटनंतरच्या सकाळी ताईनं ‘पाणी’ला बोट लावलं. टॅबलेट म्हणाला, "पंखा."

धाकटीनं पंखा लावला. ताईनं मान हलवली आणि पुन्हा बोट लावलं. "पंखा."

"लावलाय की ग."

"कूस बदल," टॅबलेट म्हणाला.

धाकटीनं ताईची कूस बदलली. भिंतीकडे तोंड झालेली ताई ‘अं, अं’ करत राहिली, तशी धाकटीनं तिला पुन्हा इकडे वळवली. तोपर्यंत तिच्या पाठीत कळ आली होती, आणि बाहेर इस्त्री तापत होती.

"नीट बोट लाव ना ताई! कुकुलं बाळ आहेस का तू आता?"

शब्द सुटून गेल्यावर तिनं पाहिलं. ताईचं बोट पाण्याच्या पेल्याच्या चित्रावर अगदी मधोमध टेकलं होतं, आणि तिचे ओठ वाळून पांढरे पडले होते. धाकटीनं पाणी आणलं, चमच्यानं पाजलं. ‘चुकलं माझं’ एवढं म्हणायचं होतं. ते राहूनच गेलं.

२

टॅबलेट ज्यानं विकला तो दुकानदार फोनवर भेटला. माणूस गप्पिष्ट.

"मॅडम, अपडेट म्हणजे नवी सून हो. आल्या आल्या घरातल्या डब्यांच्या जागा बदलणार. चार दिवस कळ काढा."

"माझ्या बहिणीला पाणी मागता येत नाहीये."

तो वरमला. मग नीट सांगू लागला. काच मऊ फडक्यानं पुसा. वरची पातळ फिल्म सोलून काढा. चार्जर काढून बघा. बंद करून चालू करा. धाकटीनं एकेक सगळं केलं. ताईनं चहा मागितला, टॅबलेटनं पंखा मागितला.

"मग असं करा," तो म्हणाला आणि त्यानं सेटिंगमधली एक खोल दडलेली जागा सांगितली. "हे सुरू केलंत की काचेला जिथं बोट लागेल तिथं पांढरा ठिपका दिसेल. काच चुकतेय की बोट, ते लगेच कळेल."

धाकटीनं ते सुरू केलं. ताईनं पेल्यावर बोट ठेवलं. ठिपका बरोबर बोटाखाली उमटला. म्हणजे बोट चुकत नव्हतं. सकाळचं बोलणं धाकटीला पुन्हा एकदा टोचलं.

"आणि अजून एक ठिपका आहे," ती फोनवर म्हणाली. "खाली कोपऱ्यात."

"स्टँडचा चिमटा लागत असेल."

तिनं चिमटा सैल केला आणि टॅबलेट पलंगावर आडवा ठेवला. ताईनं हात मागे घेतला तसा पेल्यावरचा ठिपका गेला. कोपऱ्यातला राहिला. मग तो हलला. सावकाश, चौकोनांच्या कडेकडेनं, रांगेत वाट काढणाऱ्या माणसासारखा वर आला आणि पंख्याच्या चित्रावर थांबला.

"पंखा," धाकटीच्या आवाजात टॅबलेट म्हणाला, आणि बोट उचलावं तसा ठिपका नाहीसा झाला.

"ऐकलं मी," दुकानदार हसत म्हणाला. "त्याला आमच्यात घोस्ट टच म्हणतात. घाबरायचं कारण नाही. दमट हवा, धूळ, कशानंही होतं. वेळ झाला की येऊन बघून जातो."

नावातच भूत म्हटल्यावर उलट धाकटीला हायसं वाटलं. ज्याला दुकानात नाव आहे त्याला इलाजही असणार.

३

दुपारी मशीनवर जाड अस्तर चाललं होतं. पायडलवरचा पाय काढला आणि मशीन थांबलं, तेव्हा आतून हाक आली. "चिमे."

ती उठून गेली. पडदा सारला. ताई गाढ झोपली होती. डावा हात पांघरुणात होता, वर पांघरुणाची घडी जशीच्या तशी. पुन्हा घोस्ट टच, धाकटी मनाशी म्हणाली आणि वळली.

"अजून किती दिवस?"

ती जागच्या जागी थांबली. आवाज तिचाच. दमलेला, चिडका, दात आवळून काढलेला. टॅबलेटवर असा चौकोन नव्हता. तिनं वाकून एकूण एक चित्र पाहिलं, नव्हताच. तिनं डोकं चालवून बघितलं. शब्द भरले त्या दुपारी ती अधूनमधून पुटपुटली असेल, यंत्रानं तेही टिपलं असेल, अपडेटनं ते कुठूनसं वर काढलं असेल. पटण्यासारखं होतं. फक्त तिला ते वाक्य आठवत होतं, आणि ते त्या दुपारचं नव्हतं. ते आज सकाळचं होतं. न्हाणीघरात ताईच्या चादरी धुताना नळ पूर्ण सोडला होता आणि पाण्याच्या आवाजात ती असं म्हणाली होती. की नव्हती म्हणाली? नुसतं मनात आलं होतं? नळाच्या धो धो आवाजात स्वतःच्या तोंडाची खात्री कोण देणार!

तिनं मान वळवली. ताईचे डोळे उघडे होते.

"बिघडलंय ग ते," धाकटी घाईनं म्हणाली. "काहीतरी जुनं-पानं वाजतंय."

ताईनं टॅबलेटकडे पाहिलंच नाही. ती धाकटीकडे बघत राहिली. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

धाकटीनं टॅबलेटचा आवाज पार बंद केला आणि बाहेर येऊन मशीन सुरू केलं. जरूर नसताना जोरात चालवलं. पुन्हा आतला पडदा सारला तेव्हा उन्हं कलली होती. ताईचं अंथरूण ओलं झालं होतं. तिचं बोट ‘चिमे’च्या चौकोनावर होतं, दाबून दाबून नखाचा कोपरा पांढरा पडला होता. तिनं किती वेळा हाक मारली असेल ते त्या मुक्या काचेलाच ठाऊक.

धाकटीनं टॅबलेटचा आवाज पुन्हा चालू केला. चादर बदलताना दोघींपैकी कुणीच कुणाकडे पाहिलं नाही.

४

दुसऱ्या दिवशी मापवाली आली. हे नाव धाकटीनंच मनातल्या मनात ठेवलेलं. नव्या घरात राहायला आलेली बाई. एकाच खिडकीचं माप ती दर खेपेला नवं घेऊन यायची. कधी पडदा जमिनीला टेकायला हवा, कधी टेकायला नको. आज तिला हुकांच्या जागी रिंगा हव्या होत्या.

"जमेल ना हो? तुमच्या हाताला सफाई आहे म्हणून तर येते मी."

धाकटीच्या ओठांत टाचण्या होत्या, म्हणून तिनं नुसती मान हलवली. बाई कापडावर वाकली. तिच्या भुवया पेन्सिलनं काढलेल्या होत्या. एक जरा वर गेली होती, दुसरी जरा खाली. धाकटीनं पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

आतून, पडद्यापलीकडून, स्वच्छ आवाज आला.

"आली मापवाली. भुवया तर बघा, नाटकात कामाला निघालीय जशी."

धाकटीचा आवाज होता तो. आणि धाकटी तर समोर, ओठ मिटून, टाचण्या दातांत धरून उभी. मापवालीनं वर पाहिलं. आधी पडद्याकडे, मग धाकटीच्या तोंडाकडे. तिच्या हातातली टेप सुटून गुंडाळत खाली गेली.

धाकटीनं तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि एकेक करून डबीत ठेवल्या. तेवढ्या वेळात काहीतरी सुचायला हवं होतं, आणि सुचलं.

"आमच्या ताईचं आहे हो ते," ती म्हणाली. "तिला बोलता येत नाही ना. टॅबलेटवर बोलते. आवाज माझा भरलाय, शब्द तिचे. आजारपणानं डोक्यावर परिणाम झालाय तिच्या. काय बोलते, कुणाला बोलते, काही भान नसतं. तुम्ही मनावर घेऊ नका."

आतून एक ‘अं’ आला. बारीक, मधेच तुटलेला.

"असू दे," मापवाली म्हणाली. तिनं पर्सची चेन लावली आणि टेप न उचलताच गेली.

बऱ्याच वेळानं धाकटी आत गेली. टॅबलेटचा स्टँड ताईनं डाव्या हातानं, पोचेल तितका, लांब ढकलून दिला होता. धाकटीनं तो जवळ आणला. ताईनं पुन्हा ढकलला. त्या दिवशी ताईनं काही मागितलं नाही. पाणी नाही, चहा नाही. धाकटीनं आपणहून भात कालवला आणि भरवला. भरवताना ती चमच्याकडे बघत होती. चमचा, ओठ, पुन्हा चमचा. त्याच्या वर नजर न्यायची तिची छाती झाली नाही.

५

दुकानदार स्वतः आला. पिशवीतून त्यानं फडकी, बारीक ब्रश काढला, आणि जाडजूड चष्मा नाकावर चढवला. पलंगाशेजारी खुर्ची घेऊन बसला आणि ताईला म्हणाला, "काय ताई, हा तुमचं ऐकत नाही होय? कान पिळतो त्याचा." ताई भिंतीकडे बघत होती.

त्यानं टॅबलेटवर तपासणीचं पान उघडलं. पूर्ण पांढरं. त्यावर बोट फिरवलं की काळी रेघ उमटायची. त्यानं आडव्या रेघा काढल्या, उभ्या काढल्या, पान भरून टाकलं. एकही तुटली नाही.

"काच ठणठणीत आहे," त्यानं पान पुसलं आणि टॅबलेट मांडीवर ठेवून हात झटकले. "अपडेटचाच घोळ."

"थांबा," धाकटी म्हणाली.

कोऱ्या पानाच्या डाव्या कडेला एक काळी खूण आली होती. लहानशी, आडवी. तिच्यापुढे जरा जागा सोडून दुसरी. मग तिसरी. एकसारख्या लांबीच्या, एकसारख्या अंतरावर, कडेपासून सारखी जागा राखून त्या खुणा काचेवर चालत गेल्या.

"ही एवढी पट्टी खराब दिसतेय," दुकानदार चष्मा सावरत म्हणाला. "तरीच."

खराब पट्टी कोपऱ्याशी थांबली असती. ह्या खुणा कोपऱ्याशी आल्या, तिथं दोनदा मागे येऊन घट्ट झाल्या आणि मग वळल्या. धावदोरा होता तो. पडद्याची कड दुमडून आधी कच्ची शिलाई घालतात तो. आणि कोपऱ्याला असं दोनदा मागे यायची खोड असलेली एकच बाई धाकटीच्या ओळखीची होती, ती स्वतः. शिलाई शिकवणाऱ्या बाई तिला ह्या खोडीवरून रागवायच्या. वायफळ दोरा जातो म्हणायच्या. तिची खोड काही सुटली नाही.

तिनं नकळत आपला उजवा हात डाव्या हातात घट्ट धरला.

दुकानदारानं काच पुसली. खुणा आत होत्या, त्या कशा पुसल्या जाणार! त्यानं पान बंद केलं. मघाचा गप्पिष्टपणा गेला होता. टॅबलेट पलंगावर ठेवून तो तळवा पँटला पुसत राहिला.

"तापतोय जरा," तो म्हणाला. "नीट सांगायचं तर आतलं सगळं पुसून नव्यानं टाकू. तुमचे भरलेले आवाज मात्र जातील. परत भरावे लागतील."

धाकटीनं विचारलं, "ताई, पुसून टाकू?"

ताईनं हो केलं नाही, नाही केलं नाही. तिनं नुसतं धाकटीकडे पाहिलं, आणि धाकटीला वाटलं, हिला कळतंय. यंत्र दुरुस्त व्हावं म्हणून नाही विचारत मी.

"टाका पुसून," ती म्हणाली. पुरावा जाळणाऱ्या माणसाला होत असेल तशी घाई तिला झाली होती.

तिनं केलेला चहा दुकानदारानं घेतला नाही. जिन्यात त्याची पावलं नेहमीपेक्षा भराभर उतरली.

६

नवे शब्द भरायला ती पलंगाशीच बसली. खिडकीतून ऊन येत होतं. रस्त्यावर कुणीतरी गाडी धूत होतं, त्या पाण्याचा आवाज येत होता. टॅबलेट कोरा, आज्ञाधारक दिसत होता.

"पाणी," ती म्हणाली. टॅबलेट म्हणाला, "पाणी."

"दुखतंय." "दुखतंय."

ताई ऐकत होती. पहिल्या खेपेला हे करताना धाकटीनं प्रत्येक शब्दापाठी काहीतरी बाष्कळ विनोद केला होता. आज तिला विनोद सुचेना. ‘हो’ भरलं, ‘नाही’ भरलं. ‘चिमे’वर आली आणि थांबली.

"ताई," ती म्हणाली, "परवा मी त्या बाईंना जे सांगितलं ना…"

ताईनं डोळे मिटले. ऐकायचं नाही म्हणून मिटले, की सांगायला सोपं जावं म्हणून, ते कळेना. धाकटीनं सोपा अर्थ घेतला.

"झोप आलीय का तुला? झोप मग."

आणि तिनं टॅबलेटकडे वळून, हलक्या आवाजात स्वतःला हाक भरली.

तो दिवस टॅबलेट शहाण्यासारखा वागला. पाण्याला पाणी म्हणाला, नाहीला नाही. धाकटी मात्र मशीनवर बसली तरी मधूनमधून पायडल थांबवून कानोसा घ्यायची. काहीही मनात येऊ द्यायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. आणि मन असं, की नको म्हटलेल्या दारातच जाऊन उभं राहायचं. दरवेळी तिला धस्स व्हायचं. आतून आवाज येत नव्हता. पण पडद्यापलीकडे कुणीतरी हुं म्हणून ऐकून घेतंय, असं वाटायचं, आणि ते कुणीतरी ताई नव्हती.

७

मापवाली पडदे न्यायला आली नाही, म्हणून धाकटीच निघाली. "गेले नि आले," ती ताईला म्हणाली. स्टँड ताईच्या हाताशी आणून ठेवला. ह्या खेपेला ताईनं तो ढकलला नाही. बाहेरून कुलूप घातलं, दोनदा ओढून पाहिलं.

जाताना सगळी वाट तिनं वाक्य जुळवलं. ‘त्या दिवशीचं बोलणं ताईचं नव्हतं.’ एवढंच. त्यापुढे काय म्हणायचं ते जमत नव्हतं.

नव्या घरात रंगाचा वास होता. खिडक्या उघड्यानागड्या, सगळ्या खोलीभर ऊन. मापवालीनं स्वतः स्टूल धरलं. धाकटीनं रिंगा दांडीत ओवल्या आणि पडदा सोडला. जमिनीपासून बोटभर वर, जसा हवा तसा. दोघी मागे सरून बघत उभ्या राहिल्या.

"छान झालाय," मापवाली म्हणाली. मग पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "एक विचारू? तुमच्या ताई पलंगावरून उठत नाहीत ना?"

"नाही."

"मग माझ्या भुवया त्यांना कशा दिसल्या?"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं धाकटीला झालं. पण चौथ्या मजल्यावरची फरशी कसली दुभंगते!

"ते माझंच होतं," ती शेवटी म्हणाली. "म्हणजे, बोलले नव्हते मी. तुम्ही पाहिलंत, टाचण्या होत्या. पण होतं माझंच."

हे बोलणं कुणाला कळावं तरी कसं! मापवालीनं ते कळून घ्यायचा प्रयत्नही केला नाही. तिनं पडद्याची एक चुणी बोटांनी सरळ केली.

"औषधांनी गेल्या हो भुवया," ती साध्या आवाजात म्हणाली. "डोक्यावरचे केस येताहेत हळूहळू. भुवयांचं काही सांगता येत नाही म्हणतात. हात थरथरतो ना, सारख्या येत नाहीत काढायला." तिनं चुणी सोडली. "तुमच्या ताईंना सांगा, मी रागावले नाही. त्यांच्यावर तर कधीच नव्हते."



८

आपल्या गल्लीत वळल्यावर तिची नजर सवयीनं वर गेली. ताईची खिडकी. पडदा अर्धा सरलेला. त्या अर्ध्या मोकळ्या जागेत काहीतरी हलत होतं. कोपर होतं ते, किंवा कोपरासारखं. वर जायचं, मग हळूहळू, लांबवर खाली यायचं. पुन्हा वर. पुन्हा हळूहळू खाली. घाई नाही, कंटाळा नाही. वारा पडद्याशी खेळतोय, ती मनाशी म्हणाली. वारा नव्हता. रस्त्यावरचा एक कागदसुद्धा हलत नव्हता.

ती पळत जिना चढली. कुलूप होतं तसं होतं.

बाहेरची खोली जशीच्या तशी. आतला पडदा सारायला तिनं हात घातला, आणि क्षणभर तसाच ठेवला. आत कुणी बोलत नव्हतं. मग तिनं पडदा सारला.

ताई उशीला टेकून होती. एकटी. ऊन तिच्या डोक्यावर पडलं होतं, आणि डोकं विंचरलेलं होतं. झोपून झोपून ताईच्या केसांचा मागे नुसता लगदा झाला होता. सोडवायला बसलं तर दुपार मोडेल म्हणून धाकटी रोज उद्यावर ढकलायची, वरवर रबरात अडकवून ठेवायची. आता त्यात एक गाठ नव्हती. सरळ भांग, दोन्ही बाजूंना चापून बसवलेले केस, खांद्यावर सैल वेणी. खिडकीच्या कट्ट्यावर कंगवा, त्यात ताईचे तुटलेले पांढरे केस. रस्त्यावरून दिसलेलं ते कोपर कशासाठी वरखाली होत होतं, ते धाकटीला कळलं.

"कुणी आलं होतं?" तिनं विचारलं. "ताई, घरात कुणी आलं होतं?"

ताईनं नाही म्हणून मान हलवली.

"मग केस कुणी विंचरले?"

ताईनं तिच्याकडे पाहिलं. हा काय खुळा प्रश्न, असं थोडंसं. पण त्यात दुसरंही काही होतं. इतक्या दिवसांत ती नजर धाकटीवर पडली नव्हती. मऊ, निवलेली, सगळं माफ करून मोकळी झालेली. ताईनं डावा हात उचलला आणि बोट बरोबर चौकोनावर ठेवलं.

"चिमे," टॅबलेट म्हणाला.

आता नाही म्हणायला हवं होतं. मी नव्हते ताई, मी इथं नव्हतेच, मी कधीच इतका वेळ तुझ्याजवळ बसले नाही. ताईची मान हलकेच कलली आणि विंचरलेलं डोकं धाकटीच्या हाताला येऊन टेकलं. केस अजून कोमट होते, नुकताच कुणाचा तरी तळवा त्यावरून फिरला असावा तसे.

"हो ग," उत्तर आलं. "मीच."

तो आवाज इतका मायेचा होता, की आपण बोललो की काचेतून कुणी बोललं, हे धाकटीला सांगता येईना. ताई समाधानानं डोळे मिटून पडून राहिली. आणि धाकटी मान खाली घालून, हात हलवायचं धाडस न करता, तशीच उभी राहिली.